पुरती हवा

मे महिन्यात नाशिकमधल्या कुठल्याही पेट्रोल पंपावर हवेच्या मशीनजवळ पाच मिनिटं उभं राहिलं, तर एक वाक्य हमखास कानावर पडतं: "दादा, ऊन फार आहे, दोन पॉइंट कमीच टाका." गाडी समृद्धी महामार्गाने नागपूरला निघालेली असेल, तर दोनाचे चार पॉइंट होतात. त्यामागचा हिशेब सोपा वाटतो. उन्हाने टायरमधली हवा फुगणार, फुगलेली हवा टायर फोडणार, मग आधीच थोडी जागा ठेवलेली बरी. हवा भरणारा मुलगाही मान डोलावतो, कारण आदल्या गाडीवाल्यानेही त्याला हेच सांगितलेलं असतं.

याच शहरात हवा कमी करणारी दुसरीही मंडळी आहेत. गाड्या मॉडिफाय करण्याची हौस असलेल्या तरुणांना ड्रॅग रेडियल नावाच्या टायरचं मोठं आकर्षण असतं. रुंद, मऊ रबराचे, बाजूने लवचिक असे हे टायर थोड्या अंतराच्या सरळ शर्यतीसाठी बनवलेले असतात. शर्यतीत त्यांत 15 ते 20 पीएसआय (पंपावरच्या भाषेत पॉइंट) एवढीच हवा ठेवतात, हे या मुलांनी व्हिडिओंमध्ये पाहिलेलं असतं. मग गंगापूर रोडवरून फिरणाऱ्या गाडीतही तोच आकडा ठेवावासा वाटतो. पकड वाढते, असं त्यांचं म्हणणं.

एकाला टायर फुटण्याची भीती, दुसऱ्याला पकडीचा मोह. कारणं अगदी वेगळी, पण दोघांचाही हात हवा सोडण्याकडेच वळतो. आणि रस्त्यावर हे दोघेही चुकतात.

आधी ड्रॅग रेडियलचं पाहू, कारण त्यात निम्मं तथ्य आहे आणि निम्म्या तथ्याची चूक उमगायला फार वेळ लागतो. ड्रॅग शर्यत म्हणजे पाव मैल, 402 मीटर, नाकासमोर. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' नावाने अशा शर्यती झाल्या आहेत. शर्यत जिंकण्या-हरण्याचा मोठा वाटा पहिल्या काही मीटरांत ठरतो. इंजिनची सगळी ताकद मागच्या (किंवा पुढच्या) दोन टायरांवर एकदम येते आणि ती जमिनीला देता आली नाही, तर चाकं जागच्या जागी फिरतात. हवा कमी केली की टायर जमिनीला टेकतो तो तुकडा लांब होतो, बाजूची भिंत थोडी दबून धक्का पोटात घेते आणि मऊ रबर पट्टीला चिकटून राहतं. म्हणून सुटण्याआधी चाकं मुद्दाम फिरवून, धूर काढून रबर तापवतात. शर्यतीसाठी खास तयार केलेल्या पट्टीवर चिकट द्रव्याचा आणि जुन्या रबराचा थरही असतो. इतकं सगळं जमून आलं, की 17-18 पीएसआयचा आकडा बरोबर ठरतो.

तिथेही आकडा मनाला येईल तेवढा खाली नेता येत नाही. जुन्या पद्धतीचे बायस प्लाय स्लिक टायर सुटताना सुरकुततात आणि त्या सुरकुतण्यातूनच त्यांना पकड मिळते. रेडियलच्या पट्ट्याखालचे पोलादी तारांचे थर मात्र टायरचा तळ सपाट ठेवतात. हवा फारच कमी झाली, तर मधला भाग वर उचलला जातो आणि भार दोन्ही कडांवर येतो. म्हणजे जास्त पकडीसाठी हवा सोडायची आणि उरलेली पकडही घालवायची. म्हणून जाणते शर्यतवाले अर्ध्या-अर्ध्या पॉइंटने खाली येतात, प्रत्येक धावेनंतर वेळ पाहतात आणि आकडा वहीत टिपून ठेवतात.

आता तीच गाडी रस्त्यावर आणू. 402 मीटरमध्ये मोटारीचा टायर साधारण 200 वेळा फिरतो. समृद्धीवर ताशी 120 किलोमीटरने चाललेल्या गाडीचा टायर सेकंदाला सतरा-अठरा वेळा फिरतो, म्हणजे तासाला साठ हजारांहून जास्त. प्रत्येक फेरीत टायरचा प्रत्येक भाग एकदा जमिनीवर दबतो आणि सुटतो. हवा पुरेशी असेल तर तो थोडा दबतो. कमी असेल तर जास्त वाकतो, आणि वाकण्यातून उष्णता तयार होते. पातळ पत्रा एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवला की तिथे बोट टेकवत नाही. टायरच्या बाजूच्या भिंतीत तेच होतं. रबर आणि आतल्या दोऱ्या-तारा यांना जोडणारी पकड त्या उष्णतेने सैल होते. वेग वाढला की टेकून सुटलेला भाग मूळ आकारात यायच्या आत पुन्हा जमिनीवर येतो, टायरच्या अंगावर लाट उभी राहते आणि ताप झपाट्याने चढतो. मग एक दिवस पट्टा सुटतो किंवा भिंत फाटते, आणि आपण म्हणतो, "उन्हाने टायर फुटला."

उन्हात हवा फुगते हे खोटं नाही. 32 पीएसआय भरलेला गार टायर तासभर चालल्यावर 36-37 दाखवतो. पण हे वाढणं टायर बनवणाऱ्याने आधीच हिशेबात धरलेलं असतं, आणि धड टायरची फुटण्याची ताकद या आकड्यांच्या कितीतरी पट असते. चार पॉइंट वाढल्याने चांगला टायर फुटत नाही. चार-सहा पॉइंट कमी ठेवून, पाच माणसं नि सामान घेऊन तीन तास धावल्यावर तो आतून शिजत जातो. म्हणजे पंपावरचा तो दोन पॉइंटचा सल्ला ज्याची भीती बाळगतो, त्यालाच आमंत्रण देतो.

या चार पॉइंटांची किंमत अमेरिकेने एकदा मोजली आहे. फोर्ड कंपनीने आपल्या एक्सप्लोरर या उंच गाडीसाठी 26 पीएसआय हवा सांगितली होती. टायर बनवणाऱ्या फायरस्टोनचा आग्रह पुढे 30 चा होता. कमी हवेने गाडी मऊ चालते, आणि उंच गाडी वळणावर कलंडण्याचा धोका कमी होतो, असं फोर्डचं गणित होतं. उष्ण राज्यांमध्ये, मोठ्या वेगात त्या टायरांचे पट्टे सुटू लागले. ऑगस्ट 2000 मध्ये सुमारे 65 लाख टायर परत मागवले गेले, आणि अमेरिकी वाहतूक सुरक्षा यंत्रणेच्या नोंदीत अशा अपघातांशी 271 मृत्यू जोडले गेले. दोष टायरच्या बनावटीचा की गाडीचा, यावर दोन्ही कंपन्या भांडल्या आणि त्यांचं जवळपास शतकभराचं नातं तुटलं. टायरमध्ये बनावटीचे दोष होतेच. पण त्या दोषाला कमी हवा आणि उष्णता यांनी मदत केली, हेही त्या प्रकरणातून सगळ्यांना कळलं. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने कायदा केला आणि 2008 च्या मॉडेलपासून तिथल्या प्रत्येक हलक्या गाडीत हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली.

तो इशारा देणारा दिवा आता आपल्याकडच्याही अनेक गाड्यांत असतो, आणि त्याच्यावर भिस्त ठेवून लोक निर्धास्त होतात. अमेरिकी नियमानुसार तो दिवा ठरलेल्या हवेच्या 25 टक्के खाली गेल्यावर लागला पाहिजे. म्हणजे 32 चा टायर 24 वर येईपर्यंत डॅशबोर्ड गप्प राहिला, तरी नियम मोडत नाही.

इथे नाशिकचं हवामान मध्ये येतं. मेमधल्या दुपारी, 40 अंशांत, कुणी 32 पीएसआय हवा भरली. नंतर टायरकडे पाहिलंच नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. त्या पहाटे, टायरमधून हवेचा एक कणही गेला नाही असं धरलं, तरी नुसत्या थंडीने गेज 27 दाखवेल. शाळेतला वायूचा नियम लावून हे कुणालाही काढता येतं. शिवाय धडधाकट टायरमधूनही महिन्याला साधारण एक पॉइंट हवा झिरपतेच. सहा-सात महिन्यांत हा टायर विशीच्या आसपास आलेला असतो. गाडीवाल्याच्या मनात मात्र तो 32 चाच असतो. ड्रॅग रेडियल लावणाऱ्याची परिस्थिती आणखी वाईट, कारण त्याने सुरुवातच 20 वरून केलेली असते, आणि ते मऊ रबर गारठ्यात कडक होतं. शर्यतीत धूर काढून तापवल्यावर चिकटणारा टायर निफाडच्या पहाटेच्या रस्त्यावर साध्या टायरपेक्षाही निसरडा ठरू शकतो.

कसारा घाटाचाही एक छोटा हिशेब आहे. मुंबईत, समुद्रसपाटीला 32 भरलेला टायर सहाशे मीटर चढून नाशिकला आला, की तापमान तेच असलं तरी गेज 33 च्या आसपास दाखवतं, कारण बाहेरच्या हवेचा दाब इथे कमी असतो. उतरताना उलटं. पॉइंटभराच्या फरकाने कुणाचं बिघडत नाही, पण घाट चढून आल्याबरोबर "हवा वाढली" म्हणून ती सोडणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की त्यात थोडा वाटा उंचीचा, बराचसा चढाने तापलेल्या टायरचा. गरम टायरमधून हवा सोडणं हा सगळ्यात वाईट उपाय. टायर गार झाला की तो ठरलेल्या आकड्याच्या खाली गेलेला असतो.

आणि पाऊस. इगतपुरीला वर्षात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये घाटात आणि घाटाखाली रस्त्यावर पाण्याचा पातळ थर सतत असतो. टायरला ते पाणी बाजूला सारायचं असतं, आणि ते सारण्याची ताकद त्याला दोन गोष्टींतून मिळते: नक्षीतल्या खाचा आणि आतली हवा. अमेरिकेच्या 'नासा'मधले अभियंते वॉल्टर होर्न यांनी विमानाच्या टायरांवर प्रयोग करून 1963 मध्ये एक सूत्र मांडलं. पाण्यावर टायर तरंगायला लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाबरोबर बदलतो, असं ते सांगतं. ते गुळगुळीत टायरांसाठीचं आहे, मोटारीच्या नक्षीदार टायरला जसंच्या तसं लागू पडत नाही, पण दिशा तीच राहते. त्या सूत्राने 32 पीएसआयला तरंगण्याचा वेग ताशी 94 किलोमीटर येतो. 18 पीएसआयला तो 71 वर घसरतो. ड्रॅग रेडियलची नक्षी मुळातच उथळ असते, टायर रुंद असतो, आणि हे सूत्र गुळगुळीत टायरचं म्हणून बाजूला ठेवण्याची सवलत त्याच्या मालकाला फारशी मिळत नाही. तरंगणाऱ्या टायरवर स्टिअरिंग चालत नाही, ब्रेकही चालत नाही. घाटातल्या वळणावर असं एकदाच घडलं तरी पुरे.

हे टायर बनवणाऱ्या मिकी थॉम्पसन, निट्टो, हूझियर या कंपन्या त्यांच्या बाजूवर अमेरिकेत रस्त्यावर चालवण्यापुरती मान्यता दाखवणारी अक्षरं छापतात. ती पाहून मालकाला वाटतं, हा रस्त्याचा टायर आहे. व्यवहारात त्या अक्षरांचा अर्थ एवढाच, की टायर शर्यतीच्या जागेपर्यंत चालवत नेता येईल आणि परत आणता येईल. काही ड्रॅग रेडियलवर झिजेचा आकडा चक्क शून्य असतो; रोजच्या टायरवर तो तीनशे-चारशेच्या घरात दिसतो. रबर किती लवकर जाणार, हे त्यातून कळतं. आणि हवा सोडून जाणाऱ्यानेही शर्यत संपल्यावर परत निघण्याआधी टायर पुन्हा भरायचा, ही त्या खेळातली जुनी रीत आहे. इथे व्हिडिओत धाव दिसते, भरण्याचा पंप दिसत नाही.

मग रस्त्यावर आकडा कोणता? ज्याने गाडी बनवली त्याने तो लिहून ठेवलेला असतो. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर किंवा दाराच्या कडेला स्टिकर असतो. अनेक गाड्यांवर दोन आकडे असतात, एक थोड्या माणसांसाठी, दुसरा पूर्ण भारासाठी. वणीच्या गडावर सात माणसं घेऊन निघालेल्या कुटुंबाने दुसरा वाचावा, कारण टायर भार हवेवरच तोलतो. टायरच्या बाजूवर छापलेला सर्वांत मोठा आकडा ही मर्यादा आहे, शिफारस नव्हे. तो पाहून हवा भरणारेही कमी नाहीत.

ज्याला ड्रॅग रेडियल लावायचेच आहेत, त्यानेही सुरुवात स्टिकरपासूनच करावी. टायर मूळ मापापेक्षा रुंद असेल, तर त्या मापाचा भार कंपनीच्या तक्त्यात पाहावा. आणि मग शर्यतवाल्यांचीच एक युक्ती रस्त्यावर आणावी, ती आणण्यासारखी आहे. गार टायरच्या नक्षीवर आडवी खडूची जाड रेघ ओढायची, सपाट डांबरावर सरळ शंभर मीटर जायचं आणि उतरून पाहायचं. रेघ सगळीकडे सारखी पुसली असेल तर हवा बरोबर. फक्त मध्ये पुसली असेल तर एक-दोन पॉइंट जास्त आहे. दोन्ही कडांना पुसली आणि मध्ये राहिली, तर कमी. एवढ्या खडूने जे कळतं, त्यासाठी 18 पर्यंत खाली जाण्याची वेळ कधीच येत नाही.

मोजायचं मात्र गार टायरवर. गाडी तीन तास उभी असावी, किंवा दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसावी. पंप त्याहून लांब असेल, तर सकाळी घरीच स्वतःच्या गेजने पाहावं. चांगलं गेज काही शे रुपयांत मिळतं. घरी चार पॉइंट कमी दिसले, तर पंपावर गरम टायर जो आकडा दाखवेल त्यात चार भरावेत. नायट्रोजन भरला म्हणजे यातून सुटका, असा समज आहे. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. कोरडा नायट्रोजन थोडा हळू झिरपतो एवढंच. थंडी-उन्हाने तो हवेसारखाच आकसतो आणि फुगतो.

आता प्रश्न उरतो पंपावरच्या गेजचा, आणि तो सरकारच्या दारात न्यायला हवा. पेट्रोल पंपांनी मोफत हवा द्यायची असते. पेट्रोलचं माप वैधमापन विभाग तपासतो, यंत्राला मोहोर लावतो. हवेच्या गेजवर तीच नजर, तेवढ्याच नेमाने, का नसावी? पेट्रोल पाच मिलिलिटर कमी पडलं तर ग्राहकाचे काही पैसे जातात. गेजने पाच पॉइंट खोटं सांगितलं, तर मागच्या सीटवर बसलेल्या सगळ्यांचा जीव पणाला लागतो.

समृद्धी महामार्गाने हा विषय आपल्या अंगणात आणला आहे. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला, पुढे तो भरवीर आणि इगतपुरीपर्यंत आला आणि जून 2025 मध्ये शेवटच्या टप्प्यासह 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यांतून तो जातो. शहरातल्या खड्ड्यांत ताशी चाळीसने चालणारा टायर, जो कमी हवेवरही वर्षानुवर्षं निभावून जायचा, तो आता थेट 120 वर तासन्‌तास चालतो. सुरुवातीच्या अपघातांनंतर परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली आणि झिजलेल्या टायरच्या गाड्या अडवल्या. ते योग्यच झालं. नियमानुसार मोटारीच्या टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी नसावी, आणि ते डोळ्यांना दिसतं. हवा दिसत नाही. नक्षी भरपूर पण हवा 22, असा टायर तपासणीतून हसत पुढे जातो.

"टायर फुटला" हे आपल्याकडे चौकशीचं शेवटचं वाक्य झालं आहे, हीसुद्धा खेदाची गोष्ट आहे. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर खासगी बस पेटून 25 प्रवासी गेले, तेव्हाही आधी टायर फुटल्याचंच सांगितलं गेलं. अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या तपासणीत तिथे टायर फुटल्याच्या खुणा सापडल्या नाहीत. तिथे टायरचा दोष नव्हता. आणि जिथे असतो, तिथेही प्रश्न टायर फुटल्यावर सुरू व्हायला हवा: हवा किती होती, कधी मोजली होती, कुठल्या गेजने, गाडीत भार किती होता?

2027 च्या सिंहस्थात देशभरातल्या बसगाड्या आणि मोटारी नाशिक-त्र्यंबकच्या रस्त्यांवर येणार आहेत. त्यातल्या गर्दीचा मोठा काळ पावसाळ्याचा असेल. सातपूरमध्ये सिएटचा टायरचा कारखाना आहे, या शहराच्या औद्योगिक वसाहतींत मोजमापाची उपकरणं हाताळणारी कुशल माणसं आहेत. शहरातल्या आणि समृद्धीच्या प्रवेशाजवळच्या प्रत्येक पंपावरचं गेज वर्षातून दोनदा तपासून त्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवणं एवढं काम सिंहस्थाआधी सहज होऊ शकतं. गोंदे आणि इगतपुरीच्या प्रवेशावर टायरची नक्षी पाहणाऱ्या माणसाच्या हातात एक गेजही द्यावं.

आडगावच्या ट्रक टर्मिनलवर पहाटे क्लीनर मागच्या जोडचाकांवर लोखंडी दांडा मारत फिरतो. आवाजावरून आतलं चाक बसलं की नाही ते तो ओळखतो, आणि पूर्ण बसलेलं चाक त्याच्या कानातून सुटत नाही. 110 च्या जागी 90 पॉइंट असलेल्या चाकाचा आवाज मात्र जवळजवळ तसाच येतो. लासलगावचा कांदा भरलेल्या त्या गाडीचा जास्तीचा भार मग जोडीतल्या दुसऱ्या चाकावर सरकतो, आणि कसारा उतरताना ब्रेकच्या उष्णतेची त्यात भर पडते. त्या मुलाच्या दांड्याशेजारी एक तपासलेलं गेज असावं, आणि ते वापरायला दहा मिनिटं उशीर झाला तर मालकाने त्याला बोलू नये.